बायच्या डोक्यातलं घड्याळ

बायच्या डोक्यात घड्याळ होतं. हे मी माझ्या पदरचं सांगत नाही, गोव्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आम्हा गाववाल्यांना ते आधीच ठाऊक होतं म्हणा, फक्त आम्ही त्याला दुसरं नाव दिलं होतं. त्या नावापायी केवढं रामायण झालं तेच आज लिहायला बसले आहे.

ती डोक्याच्या दुखण्याने गेली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसाल. ती गेली चार वर्षांपूर्वी, काविळीने, आणि जाताना शुद्धीवर होती. पण मला ती आठवते ती अशी नव्हेच. मला आठवते ती शिक्का मारताना. उजव्या हातात शिक्का, डावा हात कंबरेवर, आणि दणका असा की समोरच्या माणसाने आपली बोटं मागे घ्यावी.

आमच्या गावचं पोस्ट ती चालवायची आणि मी टपाल वाटायची. कुणकेश्वरच्या अलीकडे डोंगर उतरला की आमचं गाव. वाड्या अकरा, पण एकमेकींपासून लांब लांब, मध्ये सगळी काजूची झाडं आणि कातळ. मी पायी फिरायची. गावात सगळे तिला बाय म्हणत, लहान पोरापासून तात्या मानकऱ्यांपर्यंत. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पत्तो अपुरो होतो, टपाल परत गेला."

मला वाचायला तिनेच शिकवलं. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेलेली. कामाला लागले तेव्हा पाकिटांच्या रंगावरून आणि शाईवरून ओळखायची कुणाचं काय. बायने ते चार दिवसांत पकडलं. पाचव्या दिवशी थैली रिकामी केल्यावर एक पाकीट माझ्यापुढे सरकवलं नि म्हणाली, "ह्या पयला अक्षर काय?" मी पाकीट उलटसुलट करून बघितलं. "ह्या मु. पुढे टिंब. मग पो. टिंब. म्हणजे मुक्काम पोस्ट. इतक्या शिकलंस की अर्धो महाराष्ट्र वाचूक येतलो." तर मी असं 'मु. पो.'पासून वाचायला लागले, आणि आज तुमच्यापुढे पानंच्या पानं लिहिते आहे. चुका झाल्या तर त्या माझ्या.

फार हट्टी बाई. थुंकी लावून तिकीट चिकटवलेलं तिला खपायचं नाही, वाटीत भाताची खळ ठेवलेली असायची. मोठ्या साहेबांपुढे, डॉक्टरांपुढे रागावली की शुद्ध बोलायला लागायची. मालवणीत शिव्या देत असली तर समजायचं की सगळं ठीक आहे. आणि वेळेची तर इतकी पक्की की चारची एस्टी आली, आणि टपालाची थैली लाखेने बंद झालेली नाही, असं एकदाही घडलं नाही. दुखत असतानासुद्धा नाही.

आता त्या दुखण्याचं सांगते.

चतुर्थीचे गणपती पाण्यात गेले की ते यायचं. आणि तुळशीच्या लग्नापर्यंत राहायचं. मग उरलेलं वर्षभर काही म्हणजे काही नाही, ठणठणीत. पण ते दीड-दोन महिने! रात्री एकला आणि दुपारी सव्वातीनला. घड्याळ लावून घ्यावं. डाव्या डोळ्याच्या मागून सुरू व्हायचं. डोळा लालबुंद, त्यातून पाणी, पापणी अर्धी मिटलेली, डावी नाकपुडी चोंदलेली. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी. एका तोंडात दोन माणसं दिसायची, एक रडणारं आणि एक बघणारं. तुमचं-आमचं डोकं दुखलं की आपण अंधार करून पडतो. बायला पडवत नसे. ती फिरायची, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. कधी गुडघ्यावर बसून पुढे-मागे झुलायची. एकदा चिऱ्याच्या भिंतीवर कपाळ आपटून घेतलं, मी मध्ये हात घातला तर माझीच बोटं सोलवटली. पाऊण तास, कधी तास. मग कुणीतरी दिवा घालवावा तसं थांबायचं. ती पदराने तोंड पुसायची आणि म्हणायची, "खंय होतो आपण? हां. शिल्लक."

ते चालू असताना मी रडायला लागले तर ओरडायची, "दुखणा माका आसा, थैलीक नाय. लाख लाव!"

डोकेदुखी म्हणजे काय मोठंसं, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांना मी म्हणते, तुम्ही ते पाहिलेलं नाही. बायने काय काय नाही केलं? एका डॉक्टरने ते दातांवर घातलं, वरच्या तीन दाढा काढल्या. तीनही दाढा चांगल्या होत्या. बायने त्या कागदात बांधून ठेवल्या होत्या, बघायच्या तर बघा म्हणायची. दुसऱ्याने सायनस म्हणून नाक धुतलं. तिसऱ्याने चष्मा दिला. चौथा म्हणाला की बाईमाणसाचं वय झालं की असं होतंच, मन रमवा, भजनाला जात जा. बाय उभी राहिली आणि शुद्धात म्हणाली, "भजन संध्याकाळी सातला असतं. दुखतं सव्वातीनला. वेळ जुळत नाही." आणि फी टेबलावर ठेवून निघाली.

या सगळ्याची तिने वही ठेवली होती. तारीख, किती वाजता आलं, किती वाजता गेलं. आणि प्रत्येक नोंदीपुढे पोस्टाचा तारखेचा शिक्का! मी म्हटलं, "बाय, सरकारी शिक्को असो वापरतत?" तर म्हणाली, "बायलमाणसाच्या दुखण्यार कोण विश्वास ठेवता? शिक्क्यार ठेवतत."

इथे माझी चूक आली. ती लपवून लिहिण्यात अर्थ नाही.

एकदा विहिरीवर बायका विचारायला लागल्या, बायला काय होतं गो? मी बोलक्या तोंडाची, सांगून बसले. रोज रात्री बरोब्बर एकला येतं, म्हटलं, एक मिनिट इकडचं तिकडे नाही. एक म्हातारी कळशी खाली ठेवून म्हणाली, "एकाक? एकाक तर देवचार भायर पडता."

आमच्याकडच्या माणसाला देवचार सांगायला नको. इतरांसाठी सांगते. गावचा राखणदार तो. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात चामड्याच्या व्हाणा. रात्री गावाच्या शिवेवरून फेरी मारतो. वाईट नव्हे, रक्षण करणारा. पण त्याची जायची वाट ठरलेली असते आणि त्या वाटेवर कुणी बांधकाम करू नये, असं जुनी माणसं सांगतात. आणि बायने घराच्या खालच्या अंगाला पोस्टासाठी नवी खोली बांधली होती. पडवीतलं पोस्ट चालणार नाही, दार-कुलूप पाहिजे, असं वरच्या साहेबांनी सांगितलं म्हणून. चांगली चिऱ्यांची, मंगलोरी कौलांची खोली. खोली आधीची की दुखणं आधीचं? दुखणं आधीचं, तेही कितीतरी वर्षं. पण गावात बोलायला सुरुवात झाली की वर्षं कोण मोजतं?

आठ दिवसांत तात्या मानकरी आले. देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने मोठ्याने घालायचं साकडं, त्यांच्या तोंडचं, मान त्यांचा. माणूस सरळ, मनात पाप नाही. बायचं खरोखर बरं व्हावं असंच त्यांना वाटत होतं. अशा माणसाशी भांडणं फार कठीण जातं.

"बाय, तुझी खोली तेच्या वाटेर येता," ते म्हणाले. "तो एकाक हयसून जाता. वाट अडली की काठी मारता. ती तुझ्या डोळ्यार बसता."

"आणि दुपारी सव्वातीनाक?" बाय म्हणाली. "तेव्हा काय चाय पिऊक जाता?"

"देवाच्या गोष्टीत मस्करी नको गो."

"मस्करी खंय? तात्यानु, पोस्ट दहा ते चार उघडा आसा. राखणदाराक काय व्हया तर टायमात येवंदे. खोली मी पाडूचंय नाय."

तात्या गेले. पण लोकांनी खोलीत पाय ठेवणं सोडलं. पेन्शनवाल्या म्हाताऱ्या अंगणात उभ्या राहून पासबुक आत फेकायच्या आणि पैसे पदर पसरून बाहेरच घ्यायच्या. मग काहीजण येईनातच, शेजारच्या गावच्या पोस्टात जायला लागले. वरून साहेब आले, रजिस्टर बघितलं, आणि म्हणाले की व्यवहार असेच घटत राहिले तर हे पोस्ट शेजारच्या गावात हलवावं लागेल. म्हणजे बायची नोकरी गेली, माझीही गेली, आणि अकरा वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना डोंगर चढून जायची पाळी. एका खोलीवर एवढं सगळं टेकलेलं.

आणि मी काय करावं? मी बाजारात जाऊन चामड्याच्या व्हाणा घेतल्या. विड्यांचं बंडल घेतलं, नारळ घेतला. बाय जेवायला आत गेली तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात ते सगळं मांडलं आणि हात जोडले. उभी राहून वळते तर बाय दारात.

"ह्यो व्हाणो कोणाच्यो?"

मी नारळ मागे सरकवला.

ती वाकली, एक व्हाण उलटी करून बघितली. "आठ नंबर? अगो, इतक्या मोठ्या राखणदाराक आठ नंबर? लहान जातल्यो. जा, बदलून हाड."

मी रडायलाच लागले. म्हटलं, "बाय, विहिरीर मीच बोललंय. माझ्यामुळे झाला ह्या सगळा. तुका बरा वाटूक व्हया म्हणान..."

तिने व्हाण खाली ठेवली. मग खाली बसली, विड्यांचं बंडल उचलून माझ्या पदरात टाकलं. "तुझ्या घोवाक दी. आणि परवा माझ्यावांगडा बांद्याक चल. माका साक्षीदार व्हयो."

बांद्याला तिची मावसबहीण. हमरस्त्याला लागून घर, रात्रभर गोव्याचे ट्रक. तिथे आम्ही रजा टाकून तीन दिवस राहिलो. का, तर देवचाराची वाट आमच्या गावात. बांद्यात त्याचं काय काम? मी मनगटावर तिचं घड्याळ बांधून जागी बसले होते. पहिल्या रात्री एकला दोन मिनिटं कमी असताना बाय उठून बसली. डाव्या डोळ्यावर तळहात. मी घड्याळ बघितलं आणि, खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनातून देवचार गेला. दुसऱ्या दिवशी सव्वातीनला भर बाजारात आलं. मासळीवालीच्या टोपलीपाशी ती गुडघ्यावर बसली आणि झुलू लागली. मी वहीत लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण लिहिलं.

गावी आल्यावर बाय सरळ तात्यांच्या अंगणात गेली. वही त्यांच्यापुढे उघडी धरली. "देवचार एस्टीन इलो काय माझ्या मागसून? आणि तिकीट कोणी काढल्यान तेचा?"

तात्यांनी वही बघितली. मान हलवली. म्हणाले, "म्हणजे तो आता तुझ्या अंगाकच लागलो. दोष वाढलो गो बाय."

बघा! एवढं जाऊन येऊन काय मिळालं, तर दोष वाढला. बाय परत येताना वाटेत इतकी हसली, की मला वाटलं हिला खरंच काहीतरी झालं. मग थांबली आणि म्हणाली, "पत्तो बरोबर लिवलेलो नाय, म्हणान पोचणा नाय. दुखण्याचो पत्तो शोधूक व्हयो."

तो गोव्यात सापडला.

मोठ्या दवाखान्यात आम्ही दोघी पहाटेच्या गाडीने गेलो. आधी एक कोवळा डॉक्टर भेटला. त्याने सगळं ऐकलं, दिव्याने डोळा बघितला आणि जरा गोंधळून म्हणाला, "लक्षणं जुळतात, पण हा आजार मुख्यतः पुरुषांचा आहे. बायकांत कमी."

बाय शुद्धात शिरली. "मग मला पुरुष समजा आणि गोळी लिहा."

पडद्याआडून हसण्याचा आवाज आला. मोठ्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी वही मागितली. एक-एक पान उलटत गेल्या, शिक्क्यांवरून बोट फिरवत. मग म्हणाल्या, "हे असं कुणीच आणून देत नाही मला. याला क्लस्टर हेडेक म्हणतात. झुबक्याने येतं, ठरलेल्या मोसमात, ठरलेल्या वेळी. आणि बायकांना होतं. बायकांचं ओळखलं जात नाही, एवढंच."

बायचा चेहरा मी त्या दिवशी बघितला. इतक्या वर्षांनी तिच्या दुखण्याला कुणीतरी नावाने हाक मारली होती. तिच्या उजव्या डोळ्यातलंही पाणी मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

"वेळ कशी चुकत नाही याची?" तिने विचारलं.

"मेंदूच्या मधोमध, खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो..."

"आमच्याकडे काजू पिकतात."

"बरं, काजूगराएवढा," बाई हसून म्हणाल्या. "अंगाचं घड्याळ तिथे असतं. अंधार पडला की त्याच्या सांगण्यावरून मेंदूतली दुसरी एक बारीक गाठ मेलॅटोनिन नावाचं द्रव्य सोडते. ते रक्तातून सगळीकडे फिरतं आणि अंगाला कळवतं की रात्र झाली. या आजाराच्या माणसांत, दुखण्याच्या मोसमात, ते रात्री हवं तेवढं चढत नाही असं पुष्कळदा दिसलंय. घड्याळातच कुठेतरी बिघाड आहे असं आम्हाला वाटतं."

बायने थोडा विचार केला. "म्हणजे रात्रीची वर्दी निघते, पण थैली अर्धीच भरलेली असते."

"अगदी तसं. म्हणून काहीजणांना संध्याकाळी तेच गोळीतून देतो."

"गुण येईल?"

"काहींना येतो. काहींना अजिबात येत नाही. तुम्हाला येईल की नाही हे मी आज सांगू शकत नाही. मुख्य गोळी दुसरी आहे, तिच्यासाठी हृदयाची पट्टी अधूनमधून काढून बघावी लागेल. मेलॅटोनिन तिच्या जोडीला. आणि दुखायला लागलं की लगेच ऑक्सिजन, मास्कने, पूर्ण जोराने."

बाय खुर्चीवरून उठली आणि तिने त्यांना नमस्कार केला. बाई अवघडल्या. बाय म्हणाली, "तीन दाढा काढल्या माझ्या, तेव्हा प्रत्येकाला खात्री होती. 'सांगू शकत नाही' म्हणणाऱ्या पहिल्या तुम्ही. तुमचं औषध मी घेईन."

तर खोलीच्या कोपऱ्यात, जिथे मी व्हाणा ठेवल्या होत्या तिथे, ऑक्सिजनचा उंच सिलिंडर आला. तालुक्याहून टेंपोने. तो उतरवताना अर्धा गाव बघायला. कुणी म्हणालं बायने वेल्डिंगचं दुकान काढलं. तो चावीने कसा उघडायचा ते मी शिकून घेतलं, कारण दुखत असताना बायचे हात थरथरायचे.

आणि संध्याकाळी ती मेलॅटोनिनची गोळी. ती घ्यायची म्हणजे बायचा एक सोहळाच. साडेआठला गोळी, आणि मग घरात एक दिवा पेटलेला चालायचा नाही. तेवढ्यात पंचायतीने तिच्या खिडकीसमोरच्या खांबावर पांढराफेक दिवा लावला. देवचाराला वाट दिसावी म्हणून हो! बायने अर्ज दिला, कुणी ऐकलं नाही. तेव्हा तिने शिडी लावून त्या दिव्याला टपालाची फाटकी थैली बांधली. सरपंच विचारायला आले. "उजेडात ता द्रव्य तयार होणा नाय," ती म्हणाली. "माझ्या डोक्यात आधीच कमी आसा. आसा तितक्या तरी माका ऱ्हवंदे." सरपंचांना काय कळलं ठाऊक नाही, पण थैली राहिली.

मी तिला पंधरा दिवसांनी विचारलं, गुण काय? तिने वही दाखवली. रात्री एकचा शिक्का पहिल्या आठवड्यात रोज होता, दुसऱ्यात चारच. दुपारचा सव्वातीनचा मात्र तसाच. "कशान कमी झाला?" मी म्हटलं. "या गोळीन की त्या?" ती म्हणाली, "ता सांगूक येणा नाय. पण तीन रात्री मी झोपलंय." झोपलंय हा शब्द तिने असा उच्चारला, जसं लोक काशीला जाऊन आल्याचं सांगतात.

आणि नेमकं त्याच दिवशी देवळातून बोलावणं आलं. तात्यांनी ठरवलं होतं: रविवारी दुपारी, नैवेद्य झाल्यावर, सगळ्या गावासमोर बायच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं. चूक झाली, खोली उतरवते, राखणदाराची वाट मोकळी करते, असा शब्द द्यायचा. देवळात दिलेला शब्द म्हणजे संपलं. मी म्हटलं, जाऊ नको. बाय म्हणाली, "जातलंय. नक्की जातलंय."

माणूस लोटलं होतं. पुढे पुरुष, मागे बायका. तात्या देवीसमोर उभे राहिले, गळ्यात उपरणं घेतलं, खाकरले. तेवढ्यात बाय पुरुषांतून वाट काढत पुढे गेली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"बाय, मागे हो. गाऱ्हाणा मी घालतंय."

"माझा गाऱ्हाणा ना? रजिस्टर टपाल मी दुसऱ्याच्या सहीन कोणाक दिलंय कधी? माझा मीच घालतलंय."

आमच्या देवळात बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. कुणी काही म्हणायच्या आत तिने हात जोडले आणि शिक्का मारायच्या आवाजात सुरू केलं.

"बा देवी म्हाराजा!"

आता बघा, गाऱ्हाण्याची आमच्या हाडाला सवय. ओळ संपली की ऐकणाऱ्यांच्या तोंडून होकार आपोआप येतो. तरी त्या वेळी सगळं देऊळ गप्प राहिलं. एक श्वास गेला, दुसरा गेला. मला वाटलं, आता ही एकटी पडणार. विहिरीवर माझं तोंड उघडलं होतं ते नको तेव्हा. आज नाही उघडलं तर कधी? मी मागून, बायकांतून, जीव खाऊन ओरडले, "होय म्हाराजा!"

"ही तुझी लेक तुझ्या पायाकडे उभी आसा!"

"होय म्हाराजा!" या वेळी दहा-बारा आवाज.

"हिच्या डाव्या डोळ्यात वरसान वरस सुरी फिरता!"

"होय म्हाराजा!"

"ती सुरी राखणदाराची नाय! राखणदार गाव राखता. बायलमाणसाक मारीत फिरणा नाय!"

"होय म्हाराजा!" आता सगळं देऊळ घुमलं. आणि सगळ्यांत मोठा आवाज तात्यांचा. चाळीस वर्षांची सवय, बिचाऱ्यांचा इलाज नव्हता.

"हिच्या डोक्यातला घड्याळ बिघाडला आसा! तेका रातीची वर्दी अर्धीच गावता!"

"होय म्हाराजा!"

"तेका औषध सुरू आसा! लागू पडात काय नाय, ता डॉक्टराक ठावक नाय, हिका ठावक नाय, तुका ठावक!"

"होय म्हाराजा!"

"पोस्टाची खोली आसा थंय ऱ्हवतली!"

"होय म्हाराजा!"

"उद्यापासून सगळे आत येतले! भायर उभे ऱ्हवान पासबुक फेकूचे नाय!"

"होय म्हाराजा!"

"आणि जो कोण खोली पाडूक सांगता, तेचाय टपाल वेळेर पोचतला!"

"होय म्हाराजा!"

मग ती थांबली. गुरवाने नारळ तात्यांच्या हातात दिला. फोडला की शब्द पक्का. तात्या नारळाकडे बघत राहिले. म्हणाले, "बाय, माका फसवलंस गो."

"मी खंय फसवलंय? होय तुमीच म्हटलास."

कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांनी नारळ फोडला.

आणि तेवढ्यात बायचा हात डाव्या डोळ्यावर गेला.

ते मी लांबून बघितलं. ती काही न बोलता वळली, माणसांतून भरभर चालत बाहेर पडली, डोळ्यातून पाणी गळतंय, पापणी मिटलेली. मागे कुजबुज सुरू झाली. "बघलास? देवीक उलटा बोलली. लगेच दाखवल्यान." एक बाई म्हणाली, "नारळ फुटलो नि काठी बसली." म्हणजे मिळवलेलं सगळं एका मिनिटात जाणार. मी धावायला गेले तर बायकांची गर्दी, वाट मिळेना.

तात्या वर बघत होते. देवळाच्या भिंतीवर मुंबईवाल्यांनी दिलेलं घड्याळ आहे, त्याच्याकडे.

"गप ऱ्हवा," ते म्हणाले. फार मोठ्याने नाही. "सव्वातीन झाले. देवीचा काय नाय ह्याच्यात. गेल्या मंगळवारी मी पेन्शन घेऊक अंगणात उभो होतंय, तेव्हाय ह्याच वेळेर दुखला. बांद्याकय ह्याच वेळेर दुखल्याचा मी स्वतः वाचलंय." आणि हातातली नारळाची भकलं गुरवाकडे देऊन ते निघाले.

मी पोचले तोवर ते पोस्टाच्या दारात होते. पायातलं काढलं. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, इतक्या दिवसांत त्या खोलीत माझ्याशिवाय गावातलं कुणी शिरलं नव्हतं. मग आत गेले. बाय भिंतीला टेकून गुडघ्यावर, एका हाताने मास्क तोंडावर धरलेला, दुसऱ्या हातात चावी, आणि ती चावी थरथरून सिलिंडरवर टकटक वाजतेय, बसत नाही. तात्यांनी तिच्या हातातून चावी घेतली. लावली. जपून, भीतभीत, जरा फिरवली. फुस्स आवाज आला.

बायने मास्क तोंडावरून काढला.

"अर्धो नको, तात्यानु," ती म्हणाली. "पुरो फिरवा."

तात्यांनी पुरो फिरवला.